वर्दीतला संगणक

आष्ट्याच्या आमच्या शाळेत निम्मी मुलं बिनगणवेशाची यायची, पण संगणकाला वर्दी होती. जाड खाकी कापडाची, पितळी बटणांची, खांद्यापाशी दुमड घातलेली. ती शिवून घेणारा माणूस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वडीलधाऱ्यांविषयी सांभाळून लिहावं असं वळण मलाही लावलेलं आहे. पण त्यांच्यासोबत मला माने बाईही आठवतात, आणि त्या आठवल्या की सांभाळून लिहिणं जमत नाही.

सुभेदार घाडगे मूळचे औंधकडच्या एका खेड्यातले. फौजेत वायरलेस सेटवर होते. निवृत्त झाल्यावर संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांना आमच्या शाळेत आणून संगणक विभागाचे प्रमुख केलं. ज्यानं उभा जन्म तारा हाताळल्या त्याला संगणक येणारच, असा सेक्रेटरींचा हिशेब. तसं पाहिलं तर आमच्या गावातला वायरमनही प्रमुख व्हायला हरकत नव्हती. पण त्याला मिशा नव्हत्या. सुभेदारांना होत्या.

विभाग म्हणजे एक खोली, एक संगणक आणि माने बाई. कुसुम माने सांगलीला संगणकाचा अभ्यासक्रम करून आलेल्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. शिकवायच्या त्या, प्रमुख सुभेदार. घरात आजारी आई, कमावतं दुसरं कुणी नाही. बाईंची नेमणूक दर सहा महिन्यांनी नव्यानं होत असे आणि तिच्यावर शिफारस सुभेदारांची लागे. मी त्या वर्षी तिथं मराठी शिकवायला होतो, तोही तात्पुरताच.

आपल्याकडे महागाची वस्तू घरात आली की आधी तिला झबलं शिवतात. रेडिओला झालर, टीव्हीला पडदा, फ्रीजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल. वस्तू वापरण्यापेक्षा ती झाकून ठेवण्यात प्रतिष्ठा जास्त. त्यामुळे संगणक आला तसा सुभेदारांनी गावातला शिंपी बोलावला, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शिंप्यानं टेप लावला आणि विचारलं, "साहेब, घेर कितीचा धरू?"

"अंगाला चापून बसला पायजे. ढगळ न्हाई चालायचं," सुभेदार म्हणाले.

संगणकाच्या पडद्याला वेगळी वर्दी, ती कामाच्या वेळी काढायची. पण खालच्या पेटीची वर्दी कायमची. पुढच्या बाजूला बटण दाबायला आणि फ्लॉपी, सीडी घालायला तेवढी झापडं ठेवलेली. बाकी सगळं अंग खाकीत बंद.

माने बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, मागं पंखा आहे त्याला. आत तापतं ते. वारा लागू द्या."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, जैसलमेरला आमी उन्हात हुबं ऱ्हायचो. उकडतंय म्हणून जवान वर्दी काढतो काय?"

"जवानाला घाम येतो सर. याला येत नाही."

"मग लय चांगला जवान हाय."

शिक्षक हसले. आमच्या शिक्षकांचं एक बरं होतं, ज्याच्याकडे शिफारस असेल त्याच्या विनोदाला ते हसत.

रोज सकाळी सुभेदार खोली उघडत. चपला बाहेर. दाराशी एक मिनिट उभे राहून मग आत. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर आकडे भराभर चढत जातात. यंत्र स्वतःची स्मरणशक्ती मोजून घेतं आणि मग "पीं" असा एकच आवाज करतं. सुभेदार त्याला गिनती म्हणत. गिनती चालू असेपर्यंत ते सावधानमध्ये उभे राहत आणि खोलीतल्या सगळ्यांनी उभं राहावं असा त्यांचा हुकूम होता. "पीं" झालं की "विश्राम!" मग मुलांनी बसायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, आमी राष्ट्रगीताला बी येवढं ताठ ऱ्हात न्हाई."

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "मशीन बिघडत न्हाई, मानूस बिघडतो." ते त्यांनी रंगवून भिंतीवर लावलं होतं, चित्रकलेच्या सरांकडून. त्याखाली मुलं सकाळच्या तासाला अर्धा-पाऊण तास बसत, माने बाई त्यांना टायपिंग आणि आकडेमोड शिकवत. दुपारची तुकडी मात्र कागदावरच होती. दुपारी मधली सुट्टी संपली की खोलीचं दार आतून बंद होई, कारण तेव्हा सुभेदारांचा सराव असे.

सराव म्हणजे विमानाचा गेम. संगणक विकणाऱ्यानं पेटीबरोबर एक सीडी दिली होती. विमान उडवायचं, शत्रूच्या तोफा चुकवायच्या आणि शेवटी नदीवरचा पूल पाडायचा. मुलांच्या फीमधून आलेल्या यंत्रावर एक निवृत्त गृहस्थ भर दुपारी दार लावून खेळतात, आणि ज्यांच्यासाठी ते आणलं ती पोरं व्हरांड्यात बसून संगणकाचे भाग वहीत उतरवतात, याचं शाळेत कुणालाच काही वाटत नव्हतं. मी एकदा हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, "ते वरून आलेत." जणू देवच.

पण तो पूल काही पडेना. सुभेदार नदीपर्यंत पोचत, पूल दिसू लागे, आणि नेमका तेव्हा पडदा काळा होई. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. गिनती पहिल्यापासून. शिक्षकांची खोली भिंतीपलीकडेच, त्यामुळे आम्हाला आधी विमानाची घरघर ऐकू येई, मग शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग "पीं". खुर्ची का सरकते ते एकदा खिडकीतून पाहिलं. पूल हातचा गेलेला, चेहरा लाल झालेला, तरी सुभेदार सावधानमध्ये उभे होते. गिनती चालू होती ना.

सकाळी मुलांच्या तासाला असं कधी झालं नाही. ही गोष्ट माने बाईंनी दोनदा सांगितली. सुभेदारांनी तिच्यातून वेगळाच अर्थ काढला: सकाळी यंत्र ठीक असतं आणि दुपारी बिघडतं, म्हणजे मधल्या वेळेत कुणीतरी घातपात करतं.

मग चौकशा सुरू झाल्या. पहिला संशय धुळीवर. शिपायाला खोली पुसायला लावली, स्वतः गुडघ्यावर बसून कोपरे तपासले. दुसरा संशय मुलांच्या फ्लॉप्यांवर. फ्लॉप्यांतून व्हायरस येतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी नियम काढला की नवी फ्लॉपी आधी लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर आठवडाभर ठेवायची आणि मगच यंत्राला लावायची. मुलांच्या फ्लॉप्यांना गोधडीचा वास येऊ लागला. पूल उभाच.

शेवटी सांगलीहून मेकॅनिक आला. त्यानं आल्या आल्या खाकी बटणं सोडली, वर्दी बाजूला टाकली, पेटी उघडून पाहिली, बंद केली, आणि खात्री करायला तोच गेम लावून निवांत बसला. चहा झाला, दुसरा चहा झाला, विमान उडत राहिलं. संगणक एकदाही बंद पडला नाही.

"यात काही दोष नाही साहेब," असं म्हणून तो गेला. जाताना खुर्चीवर पडलेल्या वर्दीकडे बघून काहीतरी म्हणणार होता, पण सुभेदारांनी ती तोवर झटकून यंत्राला चढवायला घेतली होती.

माने बाई पुढं झाल्या. "बघितलंत ना सर? ते काढलं होतं त्यांनी."

"मेकॅनिकला भेतंय त्ये," सुभेदार बटणं लावत म्हणाले. "हास्पिटलात गेल्यावर ताप उतरतो, तसं."

दुसऱ्या दुपारी पुन्हा "पीं".

आता उरला माणूस. जानेवारीत फौजेच्या धर्तीवर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. टेबलावर हिरवं कापड, त्यावर घंटी. सुभेदार मधे, एका बाजूला हेडसर, दुसऱ्या बाजूला चित्रकलेचे सर, का ते कुणाला माहीत नाही. माझं अक्षर बरं म्हणून मला लिहून घ्यायला बसवलं. माने बाईंना खुर्ची दिली नव्हती. त्यांनी स्वतः एक ओढून घेतली.

"काल दुपारी मशीन बंद पडलं तवा तुमी कुठं होता?"

"बंद नाही पडलं. पुन्हा सुरू झालं."

"त्येच."

"तेच नाही. पण असू द्या. मी सातवीवर होते. गणिताचे सर रजेवर, त्यांच्या तासाला मला धाडलं होतं. तुम्हीच धाडलं होतं."

"म्हंजे मशीनपाशी न्हवता."

"नव्हते."

सुभेदारांनी घंटीवर बोट आपटलं. "पोस्ट सोडून गेला. लिवा, सर."

"मशीनपाशी असते तर मी बिघडवलं म्हणाला असता."

"उलट बोलू नका."

"मी सुलटच बोलतेय. सर, शेवटचं सांगते. दुपारचं ऊन, बंद दार, बंद खिडक्या, दोन दोन तास गेम. त्या खेळात यंत्राला सगळ्यात जास्त राबावं लागतं. आत भट्टी होते, गरम हवा बाहेर जायला वाट नाही. जीव वाचवायला ते बंद होऊन पुन्हा उठतं. कव्हर काढा, खिडकी उघडा. एवढंच आहे."

हेडसर हिरव्या कापडाचा दोरा ओढत बसले. चित्रकलेच्या सरांनी मान हलवली, पण कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही. बाईंनी कव्हर म्हटलं हे सुभेदारांना लागलं असावं. त्यांनी सावकाश निकाल सांगितला: पोस्ट सोडणे, आणि सरकारी मालमत्तेच्या वर्दीविषयी अपप्रचार. संगणक सरकारी नव्हता. पण ते मधे सांगून बाईंची नेमणूक वाचली असती असं नाही. शिफारस आली नाही. महिन्याचा शेवट व्हायच्या आत त्या शाळेबाहेर.

आता या प्रकरणातला सगळ्यात सुंदर योगायोग पाहा. सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी झेंडावंदनाला येणार होते, म्हणून सुभेदारांनी वर्दी धुवायला दिली होती. बाई गेल्या त्याच दुपारी संगणक उघड्या अंगानं बसला होता. सुभेदारांनी सराव सुरू केला. घरघर वाढत गेली, थांबली नाही, आणि मग भिंतीपलीकडून बँडचं संगीत ऐकू आलं. पूल पडला होता.

ते पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. डोळे चमकत होते. "बघितलं? काय म्हनत होतो मी? मानूस गेला आन् मशीन सुधारलं!"

सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी घेतला नाही. माझ्या वाटणीचा चित्रकलेच्या सरांनी खाल्ला.

चार दिवसांनी वर्दी धुऊन आली. धोब्यानं मान राखून तिला कडक खळ घातली होती. आधी तिच्यातून थोडी तरी हवा जात असेल, आता ती पत्र्यासारखी वाजत होती. त्या दुपारी घरघर, शांतता, खुर्ची, "पीं". मग पुन्हा. मग पुन्हा.

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही. आणि सुभेदारांनी तरी काय करावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून ट्रान्झिस्टर आणला. सरावाच्या वेळी त्या खोलीतून मोठ्या आवाजात शेतीविषयक कार्यक्रम ऐकू येऊ लागला. ज्या माणसाला आयुष्यभर खरखरीतून नेमका सिग्नल ऐकायची सवय, त्यानं एका "पीं"वर उसाच्या लागवडीची चर्चा पांघरली. तोवर मी त्यांना अडाणी समजत होतो. त्या दिवसापासून तेवढीही सवलत दिली नाही. त्यांना कळलं होतं.

मी निवेदन लिहिलं. चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाचा हात अशा वेळी आखडत नाही. माने बाईंना परत घ्यावं, दुपारची खोली मुलांना उघडावी, अशा दोन सरळ मागण्या. शिक्षकांत फिरवलं. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आवं सर, आमाला हितंच दिवस काढायचेत." चित्रकलेच्या सरांनी मात्र पूर्ण वाचलं. "मजकूर झकास उतरलाय हं," म्हणाले, आणि कागद परत दिला. माझ्या एकट्याच्या सहीचं निवेदन हेडसरांनी पेपरवेटखाली ठेवलं. तिथंच ते पिवळं पडलं असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी माने बाई अनुभवाचा दाखला न्यायला आल्या. दुपारची वेळ होती. त्या संगणकाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि आत ट्रान्झिस्टरच्या गडबडीतही सगळ्यांना ऐकू आलं, "पीं".

सुभेदार गिनतीसाठी उभेच होते. त्यांना बाई दिसल्या आणि जणू सुटकाच झाली. "हेडसर! या हिकडं! बघा, बाई आल्या आन् मशीन गेलं! पायगुन म्हनत्यात त्यो ह्योच!"

हेडसर आले, आम्ही सगळे आलो, मुलं खिडकीला लटकली. माने बाईंनी चपला काढल्या नाहीत. सरळ आत गेल्या, ट्रान्झिस्टर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि खाकी बटणं सोडायला लागल्या.

"वर्दीला हात लावू नका!"

"हात तुम्ही लावा. इथं, मागं. लावा की."

त्यांनी सुभेदारांचं मनगट धरून तळवा पेटीच्या मागच्या जाळीवर टेकवला. सुभेदारांनी हात झटक्यात मागं घेतला.

"आता बसा. गार होऊ दे जरा. मग खेळा."

"मी खेळत न्हाई. सराव करतो."

"मग सराव करा. मी आलेय, माझा पायगुण आहे. बघू कोण जिंकतं."

शिपायानं चहा आणला, कुणी प्यायला नाही. सुभेदार खेळायला बसले. मला वाटलं होतं ते नकार देतील. पण त्यांना तो पूल पुन्हा पाडायचा होता. विमान उडालं, तोफा सुटल्या, नदी आली. बाई त्यांच्या खुर्चीमागं हाताची घडी घालून उभ्या होत्या. पूल दिसला, जवळ आला, पडला. बँड वाजला. खिडकीतल्या मुलांनी टाळ्या पिटल्या.

मग सगळे थांबले. आता हा माणूस काहीतरी बोलेल, एक शब्द, असं मलाही वाटलं. सुभेदार उठले. स्टुलावर टाकलेल्या वर्दीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हेडसर, लिवून घ्या," ते म्हणाले. "फेरचौकशी पुरी झाली. दोष वर्दीचा."

"आणि माने बाई?" मी विचारलं.

"त्यांची बाब न्यारी हाय. त्यांच्यावर पोस्ट सोडल्याचा ठपका. मशीन सुधारलं म्हणून त्यो पुसत न्हाई."

हेडसरांनी मान खाली घातली. जागा तोवर सेक्रेटरींच्या भाचीला कबूल झाली होती, हे मला नंतर कळलं. माने बाईंना बहुधा आधीच माहीत होतं. त्या हसल्या. "दाखल्यावर सही करा. एसटी गाठायचीय."

सुभेदारांनी उभ्या उभ्या सही केली. वर्तणूक या शब्दापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं "समाधानकारक" लिहिलं. बाईंनी कागद वाचला, घडी घातली.

"माझी लिहिलीत," त्या म्हणाल्या. "तुमची कोण लिहिणार?"

आणि गेल्या. वर्दी डांबराच्या गोळ्यांच्या त्याच ट्रंकेत गेली, कुलूप लागलं. एका माणसाला काढलं आणि एका कापडाला कैद केलं. शाळेच्या लेखी दोन्ही प्रकरणं सारखीच मिटली. जूनमध्ये मलाही पुन्हा बोलावणं आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीला गेलो होतो. बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात ओळखीचा आवाज आला. सुभेदार बाकावर बसले होते. भर दुपार, अंगात बंद गळ्याचा कोट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. नातवासाठी घरी संगणक घेतला होता. शिंप्याला माप सांगत होते.

"मागल्या अंगाला जाळी ठेव. बारीक नको, चांगली मोठी. मशीनला वारा लागतो, काय समजलास?"

"ह्ये कुणी सांगितलं सुभेदार?" शिंप्यानं टेप गळ्यात अडकवत विचारलं.

"सांगतंय कोन? लय मोठी चौकशी केली होती आमी. तवा कळलं."

मी पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं, मोठ्यानं "या सर, या!" म्हणाले. मी म्हटलं, "माने बाई याच रस्त्यावर असतात. समोरची दोन दुकानं सोडून पलीकडं, संगणकाच्या दुकानात. येताय? जाळीचं त्यांना सांगितलंत तर बरं वाटेल."

सुभेदार उठले. खरंच उठले, पायरीपर्यंत आले. रस्त्यावर ऊन रखरखत होतं. पलीकडची पाटी तिथून दिसत होती. त्यांनी कोट खाली ओढून नीट केला, मिशीवरून हात फिरवला. मग तिथंच वळून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"ती चौकशी बंद झाली, सर."

शिंप्यानं टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी हातानं तो परत कापडाकडे वळवला. मी पायऱ्या उतरलो आणि रस्त्यापलीकडून एकदा मागं पाहिलं. ते शिंप्यावर वाकून खडूची रेघ तपासत होते, आणि गळ्यापासून कमरेपर्यंत त्यांची सगळी पाठ घामानं काळी पडली होती.